दीड दाराचं काम

गिऱ्हाईक हॉलच्या रंगासाठी चार दिवस घालवतं. शेडकार्ड उन्हात धरून बघतं, ट्यूबखाली धरून बघतं, पुण्याच्या मुलीला फोटो पाठवतं. बेडरूमची एक भिंत गडद करायची की नाही यावर घरात दोन पक्ष पडतात. शेवटी मी वही उघडतो आणि विचारतो, "जिन्याच्या रायझरला काय करायचं?" सगळे एकमेकांकडे बघतात. मग घरातला कर्ता माणूस म्हणतो, "त्याचं काय एवढं, भिंतीचा रंग उरेल तो मारून टाका."

तिथे माझं त्यांच्याशी पहिलं भांडण होतं.

ज्यावर पाय ठेवतो तो पायरीचा आडवा भाग ट्रेड, आणि दोन ट्रेडच्या मधला उभा तो रायझर. मराठीत त्याला शब्द असेलही, पण साइटवर गवंड्यापासून आर्किटेक्टपर्यंत सगळे रायझरच म्हणतात. माझे वडीलही रंगारीच. ते त्याला 'पायरीचं कपाळ' म्हणायचे. हा शब्द मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, त्यांनीच पाडला असावा. पण घरात शिरलेल्या माणसाला जिना म्हणून जे दिसतं ती ही कपाळंच. ट्रेड दिसतात ते उतरताना, आणि उतरताना माणसाचं लक्ष मोबाइलमध्ये असतं.

आता हिशेब बघा. मजल्याची उंची १० फूट, रायझर ७ इंची. म्हणजे १७ रायझर. (ट्रेड मात्र १६ भरतात. नवीन पोरं पायऱ्या मोजून रायझर काढतात आणि हमखास एक कमी पडतो.) जिन्याची रुंदी ३ फूट धरली तर सगळ्या रायझरचं मिळून क्षेत्रफळ ३० चौरस फुटांच्या आतच राहतं. साधं ७ बाय ३ चं दार एका बाजूने २१ फूट होतं. म्हणजे अख्ख्या जिन्याचे रायझर हे दीड दाराचं काम. एक लिटरच्या डब्यात दोन हात होऊन डबा उरतो. इतक्या कामाला सगळ्यात महाग माल लावला तरी एकूण बिलात तो शोधावा लागेल. महाग पडते ती कड. प्रत्येक रायझरला चार बाजू, वर ट्रेडचा दगड, खाली ट्रेडचा दगड, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला रेलिंग. सगळ्या कडा मोजल्या तर १२० फुटांच्या वर जातात. तेवढी रेघ ब्रशने सरळ ओढायची, आणि तीही ओणवं होऊन. भिंतीचा उरलेला रंग फासून कंबरेचे असे हाल करून घ्यायला मी तयार नसतो.

जुन्या घराचं काम असेल तर मी आधी जिन्यावर जाऊन बसतो. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसलं की समोरचे रायझर बोलायला लागतात. आम्ही नाशिककर पूर मोजतो तो दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावरून. तशी रायझरवरही खूण असते. खालून दोन इंचांवर एक करडी रेघ, ती पोछ्याची. ट्रेड पुसताना फडकं मागच्या रायझरला घासतं, रोज, त्याच उंचीवर, आणि फडक्यातला मळ तिथे ठेवून जातं. मधल्या पट्ट्यात चढणाऱ्यांच्या बुटांची टोकं असतात, काळ्या रबराच्या चंद्रकोरी. वर, ट्रेडच्या बाहेर आलेल्या कडेखाली, ज्याला आम्ही नोझिंग म्हणतो, तिथून ओघळ सुटलेले असतात. फडकं नीट पिळलेलं नसलं की पाणी नोझिंगवरून खाली न पडता पोटाशी वळतं आणि रायझरवरून उतरतं. शिवाय वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर असेल तर सिलिंडरच्या बुडाच्या कड्याचे घाव. आत गॅस १४.२ किलो, टाकी धरून तीस किलोच्या आसपास वजन. आणणारा पोरगा खांद्यावरून नेतो तोपर्यंत ठीक, पण रिकामा सिलिंडर उतरवताना तो पायरी-पायरीवर टेकवत नेतो. आणि एखाद्या घरात तळाच्या दोन पायऱ्यांवर टाचांचे छोटे छोटे ठसे दिसतात. तिथे रोज कुणीतरी बसून शाळेच्या बसची वाट बघत टाचा आपटत असतं.

हे सगळं बघितल्याशिवाय फिनिश ठरवता येत नाही. मला हे पहिल्या दिवसापासून कळत होतं असं मात्र नाही.

धंद्यात नवा होतो तेव्हा एका रो-हाउसचं काम घेतलं. पाडव्याला वास्तुशांत, आणि जिन्याचं प्लास्टर होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. मालकांना रायझर पांढरेशुभ्र हवे होते. मी लांबी भरली, पॉलिशपेपर मारला आणि ऑइल पेंटचे दोन चकचकीत हात दिले. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाने जिन्याचं कौतुक केलं. पावसाळ्यात फोन आला. रंग चिकट झालाय, बोट लावलं की येतोय. वडिलांना घेऊन गेलो. त्यांनी नखाने एक पापुद्रा काढला, जिभेने बोट ओलं करून तो चोळला आणि बोटं माझ्यासमोर धरली. बुळबुळीत. "साबण केलास," म्हणाले.

ते अक्षरशः खरं होतं. ताज्या सिमेंटमध्ये अल्कली असतो, ओलही असते. ऑइल पेंटचा जीव तेलात. तेल आणि अल्कली ओलाव्यात एकत्र आले की जे कारखान्यात होतं तेच भिंतीवर होतं. तो जिना मी पदरमोड करून खरवडला, दोन महिने वाळू दिला, अल्कली सोसणारा प्रायमर लावला आणि परत पांढराच ऑइल पेंट मारला. या वेळी धरला. पण दोन वर्षांनी गेलो तर वरच्या टप्प्याचे रायझर पांढरे आणि खालच्याचे जुन्या पुस्तकाच्या पानासारखे. वरच्या टप्प्याला खिडकी होती, खालचा टप्पा अंधारात. ऑइल पेंट अंधारात पिवळा पडतो, उजेडात कमी पडतो. डब्यावर हे कुणी लिहीत नाही. घरातली वहिनी मला म्हणाली, "अहो, मी घासून घासून दमले, मला वाटलं मीच नीट पुसत नाही." ते वाक्य मला बिल बुडण्यापेक्षा जास्त लागलं.

तेव्हापासून मी एक प्रश्न वाढवला. जिना पुसतं कोण? आणि कशाने? उत्तर द्यायला मालक पुढे होतात, पण त्यांना ते माहीत नसतं. मग मी पोछा मारणाऱ्या मावशींना गाठतो. त्या सांगतात की पाणी बोअरचं आहे, बादली खालीच भरून वर न्यावी लागते म्हणून वरच्या पायऱ्यांना गढूळ पाणी मिळतं, वहिनी फिनेल देतात पण सणाच्या आधी ॲसिडची बाटली काढतात. या तीन वाक्यांत निम्मा निर्णय होऊन जातो.

बोअरच्या पाण्यावर काळा ग्रॅनाइट लावू नका, हे मी सांगून थकलो. ग्रॅनाइट दगड म्हणून उत्तम, सिलिंडरला दाद देत नाही, ॲसिडलाही फारसं जुमानत नाही. पण पाण्यातले क्षार काळ्यावर पांढरे उमटतात आणि रायझरवर त्यांचे ओघळ दिसतात, दुधाची पिशवी फुटल्यासारखे. कडप्पा, कोटा, शहाबादी ही मंडळी चुनखडीच्या कुळातली. त्यांच्यावर ॲसिड पडलं की फसफसून पॉलिश मरतं. मग ते खरखरीत झालेले दगड मळ अजून धरतात, मग अजून ॲसिड. दगडाच्या रायझरबद्दल मला आणखी एकच सांगायचंय, आणि ते गवंड्याला: मागे माल भरून बसवा. बोटाच्या पेराने वाजवून बघावं. ढब् आवाज आला की आत पोकळ आहे, तिथे पहिला सिलिंडर लागेल तेव्हा तडा जाईल.

टाइल सगळ्यात सोपी, हे प्रामाणिकपणे सांगतो, जरी त्यात माझी रोजी नाही. ४ बाय २ ची एक व्हिट्रिफाइड टाइल कापली की सात इंचाच्या तीन पट्ट्या निघतात, सहा टाइलमध्ये जिना होतो, आणि अख्खी लांबी एका तुकड्यात बसल्याने मध्ये सांधा राहत नाही. सांधा आला की तिथे भरलेलं पांढरं सिमेंट वर्षात काळं पडतं. इपॉक्सीने भरलं तर पडत नाही, पण इपॉक्सी नीट भरणारा माणूस शोधावा लागतो. हल्ली लोक सिसिलीतल्या कालताजिरोने गावच्या जिन्याचे फोटो दाखवतात. १४२ पायऱ्या, प्रत्येक रायझरला रंगीत नक्षीची टाइल, ट्रेड मात्र काळ्या दगडाचे. तो गावातला उघड्यावरचा जिना आहे, घरातला नव्हे, पण ज्याने ते केलं त्याला काम कळत होतं. पायाखाली साधा खरबरीत दगड, आणि सगळी हौस पाय न पडणाऱ्या जागी. लॅमिनेटचं म्हणाल तर ते पुसायला सुरेख, पण खालची कड रोज ओली होते. दोन पावसाळ्यांत तिथे ओठ सुटतो, आणि सुटलेल्या ओठात केर जातो. मी ते जिन्याला सुचवत नाही.

लाकडाची गोष्ट निराळी. पंचवटीतल्या एका वाड्यातला जिना माझ्याकडे आला तेव्हा त्यावर तीन पिढ्यांचा रंग होता. वर राखाडी, त्याखाली हिरवा, त्याखाली चॉकलेटी. खाली सागवान. वरच्या माळ्याकडे जाणारा अंधारा टप्पा मात्र कुणी रंगवलाच नव्हता. तिथल्या एका रायझरवर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला. दहा मिनिटांत बोळा तपकिरी आणि चिकट झाला. म्हणजे मूळचं काम चपडा लाखेचं, स्पिरिट पॉलिश. मालकांनी डोळे मिटून सांगितलं, "तेच परत करा. आजोबांच्या वेळचं."

मी त्यांना विचारलं, आजोबांच्या वेळी जिना पुसायचे का? पाण्याने? ते विचारात पडले. आतून त्यांच्या आईंनी उत्तर दिलं, "जिन्याला पाणी कशाला लावू आम्ही? केरसुणीने झाडायचं आणि कोरड्या फडक्याने झटकायचं." लाखेवर पाणी राहिलं की पांढरा डाग पडतो. स्पिरिट पॉलिश त्या काळच्या केरसुणीला जुळणारं होतं. आता त्याच वाड्यात रोज ओला पोछा फिरतो. आम्ही दोन डब्यांचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, मारलं, चमक नसलेलं. त्याआधी सागवान थिनरने पुसून घेतलं, कारण सागाच्या अंगात तेल असतं आणि वरचा थर त्याच्यावर नीट बसत नाही.

त्या वाड्यात आणखी एक गोष्ट कटाक्षाने केली. जुना ऑइल पेंट कोरडा घासला नाही. जुन्या रंगांत शिसं असायचं, पिवळ्या-तांबड्या छटांत तर सढळ हाताने. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम २०१६ सालचा, लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या थरांचा भरवसा धरू नये. वॉटर पेपर, पाणी, आणि निघालेला राडा पिशवीत बांधून बाहेर. घरातल्या रांगणाऱ्या बाळाला आठवडाभर मामाकडे पाठवलं. माझे वडील आयुष्यभर कोरडंच घासत आले, तोंडाला उपरणंसुद्धा न बांधता. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हळदीचं एक सांगायचं राहिलं. लग्नघर होतं, जिना आम्ही महिनाभरापूर्वीच केलेला, फिकट बदामी, साटन. हळदीच्या दिवशी कुणीतरी पोर वर पळत गेलं आणि चौथ्या रायझरवर हात टेकला. पाच बोटं, पिवळीजर्द. घाईघाईने कुणीतरी त्यावर सोड्याचं पाणी मारलं, आणि हात लाल झाला. घरात एकच गोंधळ, अपशकुन झाला म्हणून. मला बोलावलं तेव्हा आजीबाई देवघराशी बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "आजी, हळदीत चुना घातला की काय होतं?" त्या हसायला लागल्या. "कुंकू." सोडाही चुन्याच्या जातीचाच. लिंबाचा रस फिरवला, लाल परत पिवळं झालं. उरलेलं पिवळं साध्या ओल्या फडक्याने निम्मं गेलं, बाकीचं जिन्याच्या खिडकीतल्या उन्हाने तीन आठवड्यांत खाल्लं. हळदीला ऊन सोसत नाही. तिथे मॅट रंग असता तर हळद आत मुरली असती. मॅटमध्ये रंगद्रव्य आणि भरड जास्त, त्यांना बांधणारा डिंक कमी, म्हणून अंग सच्छिद्र. जोरात घासलं तर डाग जात नाही, उलट घासलेल्या जागी चकाकी येते आणि आता दोन डाग दिसतात.

म्हणून माझं आजचं उत्तर असं. सिमेंटच्या रायझरला पाण्यातलं पीयू इनॅमल, साटन. पूर्ण चकचकीत नको, कारण गवंड्याच्या थापीची प्रत्येक लाट त्यात दिसते. ते पिवळं पडत नाही, वासाने घर सोडावं लागत नाही, तासाभरात हाताला लागेनासं होतं. घरात जिना एकच असतो, माणसं वर अडकून पडलेली चालत नाहीत. मात्र पूर्ण घट्ट व्हायला त्याला तीन-चार आठवडे लागतात. तोपर्यंत घासू नका हे मी मालकांना सांगत नाही, मावशींना सांगतो. खाली जुना ऑइल पेंट असेल तर आधी त्याची चमक वॉटर पेपरने मारावी लागते, नाहीतर वरचा थर पुढे कधीतरी केळीच्या सालीसारखा उतरतो. मास्किंग टेप रंग ओला असतानाच काढायची. वाळल्यावर ओढली की रेघेचे दात पडतात.

आणि रंग कोणता? शेडकार्ड मी बंद करून ठेवतो आणि अंगणातली माती बघतो. दापोलीकडे एका घराचे रायझर मालकांच्या हट्टाखातर पांढरे केले होते. जांभ्याची लाल धूळ, वर्षभरात जिना गुलाबी. शेजारच्या जुन्या घरात लाल कोबा होता, लाल ऑक्साइड घालून घोटलेला, ट्रेडलाही आणि रायझरलाही, जुना होऊनही गुळगुळीत. त्यावर धूळ बसत नव्हती असं नाही, बसलेली दिसत नव्हती. आमच्या काळ्या मातीत करडा चालतो, किंचित मातकट. पांढऱ्याचा आग्रहच असला तर खोडरबर जवळ ठेवा. बुटाच्या रबराचा काळा ओरखडा पाण्याने हटत नाही, शाळेच्या खोडरबराने हटतो.

माझ्या आजीच्या घरी, सिन्नरच्या बाजूला, माडीच्या लाकडी जिन्याआधी मातीच्या तीन पायऱ्या होत्या. त्यांची कपाळं ती दर आठवड्याला शेणाने सारवायची आणि खालच्या कडेला बोटाने पांढरी रेघ ओढायची. टिकाऊपणाच्या कुठल्याच कसोटीला ते सारवण उतरलं नसतं. पण तिला कधी डाग पुसावा लागल्याचं मला आठवत नाही.

यातून मी एक सवय उचलली. काम झालं की उरलेला रंग पत्र्याच्या डब्यात ठेवत नाही, तो गंजतो. काचेच्या बरणीत काठोकाठ भरतो, म्हणजे वर हवा राहत नाही आणि साय धरत नाही. चिठ्ठीवर शेड नंबर आणि तारीख. ही बरणी जिन्याखालच्या कपाटात. मालकांना मी दाखवतो, ते मान डोलावतात, आणि पुढे बहुतेक घरांत ती लोणच्याच्या बरण्यांमागे जाते.

ते साबणाचं रो-हाउस पुन्हा माझ्याकडे आलं होतं. या वेळी करडा साटन केला. मध्ये आठेक वर्षं गेली, आणि परवा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं विचारायला म्हणून गेलो. जिन्याकडे नजर गेलीच. सतरा रायझर, सगळे धड. मला ते खरं वाटेना. सिलिंडर तर त्या घरात अजून वरच जातो.

"मध्ये कुणाकडून करून घेतलं का?" मी विचारलं. वहिनी नाही म्हणाल्या. मावशी पोछा पिळत होत्या, त्या हसल्या. उठून जिन्याखालून बरणी घेऊन आल्या. निम्मी संपलेली. माझी चिठ्ठी केव्हाच गळून पडली होती, तिथे दुसरी चिकटवली होती, पोराच्या वहीचं पान फाडून, आणि त्यावर पेनाने 'जिना' असं लिहिलेलं. बरणीला रबराने बांधलेला एक चित्रकलेचा ब्रश.

"दिवाळीच्या आधी बसते मी एक दिवस," त्या म्हणाल्या. "कुठं टवका गेला असेल तिथं लावते. बरोबर लावते ना, दादा?"

मी खाली बसलो आणि तिसऱ्या रायझरवर बोट फिरवलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण बोटाला कळलं. आम्ही ब्रश आडवा ओढतो. हा उभा ओढलेला होता.